डिम सम

डिम सम : दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात, विशेषतः कँटन (ग्वांगजो) शहरात, तसेच हाँगकाँगमध्ये चहाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या लहान आकाराच्या खाद्यपदार्थांचे सामूहिक नाव. वाफविलेले, तळलेले, भाजलेले, खारे व गोड असे अनेक प्रकार त्यात मोडतात. तथापि पिठाच्या पातळ पारीत कोळंबी, मांस अथवा भाज्या यांचे सारण भरून वाफेवर शिजविलेल्या पुरचुंड्या हा त्यांतील प्रमुख वर्ग होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या वर्गाचा आणि तो घरगुती साधनांनी तयार करण्याच्या पद्धतीचा विचार केला आहे.

या पुरचुंड्यांना लागणाऱ्या जिनसा थोड्या असल्या, तरी कृती बिघडण्याचा संभव पुष्कळ असतो. पारी फाटणे, ती चिकट अथवा रबरासारखी होणे, सारण कोरडे पडणे हे दोष बहुधा मसाल्याच्या प्रमाणामुळे नव्हे, तर स्टार्च, पाणी व उष्णता यांचा मेळ न बसल्यामुळे उद्‌भवतात. महाराष्ट्रात उकडीच्या मोदकाची पारी ज्या तत्त्वावर तयार होते, त्याच तत्त्वावर कँटनी कोळंबीच्या पुरचुंडीची पारी तयार होते. हे तत्त्व ध्यानी आले, म्हणजे कृतीतील प्रत्येक पायरीचे कारण उलगडते.

नाव व प्रमुख प्रकार : कँटनी बोलीत या शब्दाचा उच्चार ‘तिम साम’ असा असून उत्तरेकडील प्रमाण चिनी भाषेत तो ‘त्येन शिन’ असा आहे. यातील पहिल्या चिन्हाचा अर्थ स्पर्श करणे वा ठिपका देणे आणि दुसऱ्याचा हृदय असा आहे. भूक तात्पुरती भागविणारे हलके खाणे या अर्थी हा शब्द थांग राजवंशाच्या काळापासून (६१८–९०७) आढळतो. चहा व त्याबरोबरचे हे खाणे यांच्या एकत्रित प्रथेस कँटनी भाषेत ‘यम चा’, म्हणजे चहा पिणे, असे म्हणतात.

वाफविलेल्या प्रकारांपैकी पुढील चार विशेष प्रसिद्ध आहेत : (१) हार गाउ–अर्धपारदर्शक पारीत कोळंबीचे सारण भरून एका बाजूस चुण्या घातलेली, करंजीसारख्या आकाराची पुरचुंडी. (२) सिउ माय–अंडे घातलेल्या गव्हाच्या पातळ पारीत डुकराचे मांस व कोळंबी यांचे सारण भरलेली, वरून उघडी राहणारी उभट पुरचुंडी. (३) फन गो–हार गाउसारख्याच पारीत शेंगदाणे, मुळा, अळंबी, मांस इ. घालून केलेली पुरचुंडी. तिचा संबंध ग्वांगडुंगच्या पूर्व भागातील छाउजो प्रदेशाशी आहे. (४) चार सिउ बाउ–भाजलेल्या गोडसर मांसाचे सारण असलेला फुगीर, पांढरा पाव. हा शेवटचा प्रकार फुगविलेल्या पिठाचा असल्याने त्याचे तंत्र वेगळे आहे. ईशान्य भारतात व आता महाराष्ट्रातील शहरांतही रूढ झालेला मोमो हा तिबेटी-नेपाळी परंपरेतील पदार्थ असून तो डिम समचा प्रकार नव्हे; त्याची पारी साध्या गव्हाच्या पिठाची असते.

इतिहास : भरलेल्या पुरचुंड्या उत्तर चीनमध्ये फार प्राचीन काळापासून होत आल्या आहेत. सिउ माय हा प्रकारही मूळचा उत्तरेकडचा असून आंतर मंगोलियातील होहोट शहरात त्याचे मांसाहारी रूप आजही लोकप्रिय आहे. दक्षिणेत आल्यावर त्याचा आकार लहान झाला व सारणात समुद्री पदार्थांची भर पडली.

कँटनी चहागृहांची भरभराट या बंदराच्या व्यापारी समृद्धीशी निगडित आहे. १७५७ पासून १८४२ पर्यंत यूरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन या एकाच बंदरातून व्यापार करण्याची मुभा होती. एकोणिसाव्या शतकात या शहरात बहुमजली चहागृहे निघाली. पहाटेपासून तेथे व्यापारी, दलाल व कारागीर जमत. काही जण पाळीव पक्ष्यांचे पिंजरे बरोबर आणीत. एक पेला चहा व दोन नग खाणे हा तेथील रूढ नाश्ता होता. हार गाउ हा प्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कँटनजवळ पर्ल नदीच्या दक्षिणेकडील एका खेड्यातील चहागृहात प्रथम झाला, असे परंपरेने सांगतात. नदीतील ताजी कोळंबी तेथे सहज मिळे.

१९४९ मधील राज्यक्रांतीच्या सुमारास कँटनमधील अनेक आचारी हाँगकाँगला गेले व ते शहर या पाककलेचे दुसरे केंद्र बनले. तेथील लुक यू हे १९३३ मध्ये स्थापन झालेले चहागृह प्रसिद्ध आहे. आरंभी वाढपी गळ्यात अडकविलेल्या तबकांतून पदार्थ फिरवीत. पुढे वाफाळत्या करंड्यांच्या ढकलगाड्या प्रचारात आल्या. कँटनी स्थलांतरितांबरोबर ही प्रथा आग्नेय आशिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे पोहोचली. न्यूयॉर्कमधील नॉम वा हे चहागृह १९२० मध्ये सुरू झाले.

कँटनी कुटुंबांत हे पदार्थ रोज घरी करण्याची चाल फारशी नव्हती. अनेक प्रकार थोडे थोडे चाखणे हे या खाण्याचे वैशिष्ट्य असल्याने ते चहागृहातच परवडे. शिवाय पारी दाबणे, सारण करणे व वाफविणे ही कामे तेथे स्वतंत्र कारागिरांकडे असत. घरगुती कृतीचा प्रसार मुख्यतः परदेशस्थ कुटुंबांतून, चहागृह जवळपास नसल्याच्या गरजेतून झाला. घरी करताना एकदोन प्रकारांपुरतीच मर्यादा घालणे सोयीचे ठरते.

पारीचे तत्त्व : वाफविलेल्या पुरचुंड्यांच्या पाऱ्या दोन प्रकारच्या असतात. सिउ मायची पारी गव्हाच्या पिठाची असून तिचा ताण ग्लुटेन या प्रथिनावर अवलंबून असतो. मैद्यात पाणी मिसळून मळले, की ग्लुटेनाचे जाळे तयार होते व पीठ न फाटता ताणले जाते. हार गाउच्या पारीत ग्लुटेन जवळजवळ नसते. तिचा सर्व आधार स्टार्चच्या जिलेटिनीभवनावर असतो.

हार गाउसाठी वापरावयाचा गव्हाचा स्टार्च मैद्यातील ग्लुटेन धुऊन काढून मिळवितात. मळलेला गोळा पाण्याखाली चोळला असता ग्लुटेन चिवट पुंजक्याच्या रूपाने हातात राहते व पांढरे स्टार्चयुक्त पाणी खाली जाते. ते निवळून वाळविले, म्हणजे हा स्टार्च मिळतो. महाराष्ट्रात कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून व गाळून काढला जाणारा चीक तत्त्वतः हाच पदार्थ होय. मात्र भिजत घातलेला गहू आंबत असल्याने चिकास आंबूस वास असतो. त्यामुळे या कृतीस बाजारातील कोरडा व गंधहीन स्टार्च अधिक योग्य ठरतो. मैदा हा त्याचा पर्याय नव्हे. मैद्याची पारी पांढरी व अपारदर्शक राहते.

थंड पाण्यात स्टार्चचे कण विरघळत नाहीत. ते तळाशी बसतात. गव्हाच्या स्टार्चचे तापमान साधारणतः ५८°–६५° से. च्या पलीकडे गेले, की कण पाणी शोषून फुगतात, त्यांतील काही अमायलोज बाहेर पडते व मिश्रणास चिकटपणा येतो. यालाच जिलेटिनीभवन म्हणतात. उकड काढताना तांदळाच्या पिठात हीच क्रिया घडते. परंतु तांदळाच्या स्टार्चला त्यासाठी सामान्यतः अधिक तापमान लागत असल्याने मोदकाचे पीठ विस्तवावर शिजवून झाकून ठेवावे लागते. गव्हाच्या स्टार्चला नुसते उकळते पाणी पुरते.

हे पाणी खरोखर उकळते असणे मात्र अत्यावश्यक आहे. सामान्य तापमानाच्या १२५ ग्रॅ. स्टार्चवर १८० मिलि. उकळते पाणी ओतले असता मिश्रणाचे तापमान हिशेबाने ८५° से. च्या आसपास येते. भांड्याने व हवेने शोषलेली उष्णता वजा जाताही ते पुरेसे राहते. तेच पाणी ८०° से. चे असेल, तर मिश्रण सत्तरीच्या आत राहते आणि थंड भांड्यात ते साठीच्या जवळ उतरून स्टार्चचा काही भाग कच्चाच राहतो. अशा पिठास मागाहून कितीही मळले, तरी एकजीवपणा येत नाही व पारी दाबताच तिच्या कडा तडकतात. ‘पीठ फाटते’ या सर्वसामान्य तक्रारीचे हे मुख्य कारण होय.

नुसत्या गव्हाच्या स्टार्चची पारी नितळ पण ठिसूळ होते. तीत लवचिकपणा येण्यासाठी कसाव्यापासून काढलेला टॅपिओका स्टार्च मिसळतात. त्यात अमायलोजचे प्रमाण कमी व अमायलोपेक्टिनाचे अधिक असल्याने पारी ताणली जाते व तिला तकाकी येते. प्रमाण जास्त झाल्यास मात्र ती रबरासारखी चिवट होते. भारतात साबुदाणाही टॅपिओका स्टार्चपासूनच करतात. तथापि तो तयार करताना उष्णतेने अंशतः शिजलेला असतो, म्हणून साबुदाणा दळून केलेले पीठ कच्च्या स्टार्चऐवजी वापरल्यास अपेक्षित परिणाम साधत नाही.

हार गाउची कृती : सु. २८ ते ३० नगांसाठी गव्हाचा स्टार्च १०० ग्रॅ., टॅपिओका स्टार्च ५० ग्रॅ., उकळते पाणी १८० मिलि., चिमूटभर मीठ व डुकराची चरबी अथवा वासरहित तेल १० ग्रॅ. घ्यावे. जाड बुडाच्या भांड्यात गव्हाचा स्टार्च, निम्मा टॅपिओका स्टार्च व मीठ एकत्र करून त्यावर उकळते पाणी एकदम ओतावे व काठीने वेगाने ढवळावे. पाणी थोडे थोडे घालू नये. तसे केल्यास प्रत्येक वेळी मिश्रण निवते. लगेच झाकण ठेवून ५ मिनिटे तसेच राहू द्यावे. नंतर उरलेला टॅपिओका स्टार्च व चरबी घालून, हाताला सोसेल इतके गरम असतानाच पीठ गुळगुळीत होईपर्यंत मळावे. मागाहून घातलेला कच्चा स्टार्च पिठातील जास्तीचे पाणी धरतो व वाफविताना शिजून पारीस ताण देतो. तयार गोळा कानाच्या पाळीइतका मऊ असावा. तो ओल्या कापडाखाली झाकून ठेवावा. उघडा राहिल्यास त्यावर कोरडी साय धरते व तेथेच पुढे चीर पडते.

सारणासाठी सोललेली कोळंबी २५० ग्रॅ., डुकराची घट्ट चरबी २५ ग्रॅ., वेळूचे उकडलेले कोंब ५० ग्रॅ., मीठ ३ ग्रॅ., साखर ५ ग्रॅ., टॅपिओका स्टार्च ८ ग्रॅ., तिळाचे तेल ५ मिलि. व चिमूटभर पांढरी मिरपूड लागते. कोळंबीच्या पाठीतील काळा दोरा काढून ती थोडे मीठ व स्टार्च लावून चोळावी आणि थंड पाण्यात स्वच्छ धुवावी. यामुळे तिच्यावरील बुळबुळीतपणा जातो. नंतर ती कापडाने पूर्णपणे कोरडी करावी. कोळंबीत राहिलेले पाणी वाफविताना बाहेर येते व पारी आतून भिजवून फोडते, म्हणून ही पायरी टाळू नये. एकतृतीयांश कोळंबी सुऱ्याच्या पात्याने ठेचावी व उरलेलीचे मोठे तुकडे ठेवावेत. चरबी उकळत्या पाण्यातून काढून बारीक चिरावी व कोंबांचे बारीक तुकडे घट्ट पिळून घ्यावेत.

ठेचलेल्या कोळंबीस प्रथम मीठ लावून ती एकाच दिशेने जोराने ढवळतात व भांड्याच्या कडेवर आपटतात. मिठामुळे स्नायूंतील मायोसीन हे प्रथिन बाहेर येऊन चिकट होते व शिजल्यावर सारण एकसंध, दाताखाली किंचित उसळणारे असे होते. साखर, मिरपूड व स्टार्च त्यानंतर आणि तेल सर्वांत शेवटी घालावे. तेल आधी घातल्यास प्रथिनांचे परस्परांना चिकटणे मंदावते. सारण निदान १ तास शीतकपाटात ठेवावे. थंड सारण घट्ट असल्याने ते भरणे सोपे जाते.

पारी करताना पिठाची वळी करून तिचे सु. १० ग्रॅमचे तुकडे पाडावेत. चहागृहातील कारागीर रुंद, बोथट पात्याच्या सुऱ्यास तेलाच्या फडक्याचा हात देऊन गोळ्यावर दाबतात आणि पाते किंचित फिरवून एका दमात पातळ चकती करतात. घरी तेल लावलेल्या प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून पुरी दाबण्याच्या यंत्राने वा सपाट बुडाच्या भांड्याने दाबावा. चकतीचा व्यास ८ सेंमी. व जाडी सु. १.५ मिमी. असावी; कडा मध्यापेक्षा पातळ असाव्यात, कारण चुण्यांमध्ये पारीचे अनेक थर एकत्र येतात. मध्यभागी १२ ग्रॅ. सारण ठेवून पारी अर्धी दुमडावी व पुढच्या कडेवर एकाच दिशेने चुण्या घालीत ती मागच्या साध्या कडेस चिकटवीत जावे. त्यामुळे पुरचुंडीस बाकदार आकार येतो. चांगल्या हार गाउस निदान ७ चुण्या असाव्यात व कुशल कारागिराच्या हातून १० किंवा अधिक पडाव्यात, असा संकेत आहे. मोदकाच्या कळ्या काढण्याची सवय असलेल्या हातास हे काम अवघड जात नाही. फरक एवढाच, की मोदकाच्या कळ्या सर्व बाजूंनी वर एकत्र येतात, तर येथे त्या एकाच बाजूस असतात. एका वेळी चारपाचच पाऱ्या दाबाव्यात, कारण निवलेली पारी लवकर कडक होते.

सिउ मायची कृती : सु. २० नगांच्या पाऱ्यांसाठी मैदा १५० ग्रॅ., १ अंडे व २० ते २५ मिलि. पाणी यांचे घट्ट पीठ मळून ते अर्धा तास झाकून ठेवावे. ग्लुटेनाचे जाळे या अवधीत सैल होते व पीठ लाटता येते. स्टार्च भुरभुरवून ते सु. १ मिमी. जाडीचे लाटावे व ८ सेंमी. व्यासाच्या चकत्या कापाव्यात. सारणासाठी डुकराचे मांस २५० ग्रॅ. (त्यात चरबीचा अंश सु. एकचतुर्थांश असावा), कोळंबी १०० ग्रॅ., भिजवून चिरलेली वाळकी शिताके अळंबी ४ नग, मीठ ३ ग्रॅ., सोयाबीनचा सॉस १० मिलि., साखर ६ ग्रॅ., स्टार्च १० ग्रॅ. व थोडे तिळाचे तेल घ्यावे. मांस यंत्रातून काढण्यापेक्षा सुऱ्याने बारीक चिरल्यास सारणाचा पोत चांगला राहतो. मिठासह ढवळण्याची क्रिया वरीलप्रमाणेच करावी.

डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांचे कडे करून त्यावर पारी ठेवावी, मध्यभागी सु. २० ग्रॅ. सारण घालून ती कड्यात हलकेच ढकलावी व सुरीने सारण दाबीत पुरचुंडी फिरवावी. पारी सभोवार चुण्यांनी चिकटते, कंबर किंचित आवळली जाते आणि वरचे तोंड उघडे राहते. बूड आपटून सपाट करावे. वर खेकड्याची अंडी वा बारीक किसलेले गाजर ठेवण्याची पद्धत आहे.

मांस व मासे वर्ज्य असणाऱ्यांसाठी फन गो हा प्रकार सोयीचा आहे. हार गाउच्याच पारीत भाजलेले शेंगदाणे, अळंबी, गाजर, वेळूचे कोंब इत्यादींचे परतून निववलेले सारण भरतात. भाज्यांचे पाणी आधी आटवून स्टार्चने बांधून घेणे आवश्यक असते. पारीत चरबीऐवजी तेल वापरावे.

वाफविणे : पाण्याची वाफ थंड पदार्थावर निवते, तेव्हा दर ग्रॅममागे सु. ५४० कॅलरी उष्णता सोडते. पातळ पारीचा पदार्थ काही मिनिटांतच शिजतो याचे कारण हेच. यासाठी पाणी आधी खळखळून उकळलेले असावे व करंडी नंतर ठेवावी. मंद वाफेत पारी शिजण्यापूर्वीच ओली होऊन खचते. करंडीचा तळ पाण्यापासून ४ ते ५ सेंमी. वर असावा.

कँटनी पद्धतीत वेळूच्या पट्ट्यांची करंडी खोलगट कढईत ठेवतात. विणलेल्या झाकणातून जास्तीची वाफ निघून जाते व निवलेले पाणी वेळू शोषतो. धातूच्या मोदकपात्रातही हे पदार्थ उत्तम होतात. मात्र झाकणास आतून कोरडे कापड बांधावे, नाहीतर थेंब पडून पारीवर खड्डे व पांढरट डाग पडतात. तळाशी कोबीचे पान, तेल लावलेला भोके पाडलेला कागद किंवा केळीचे पान घालावे. शिजताना पारी फुगत असल्याने दोन नगांमध्ये निदान २ सेंमी. अंतर ठेवावे.

पूर्ण वाफेवर हार गाउस ५ ते ६ मिनिटे, फन गोस ६ मिनिटे व सिउ मायला ८ मिनिटे लागतात. उंचीवरील ठिकाणी पाणी कमी तापमानास उकळते, पुण्यात (उंची सु. ५६० मी.) ते सु. ९८° से. ला व महाबळेश्वर येथे (सु. १,३५० मी.) सु. ९५.५° से. ला उकळते. अशा ठिकाणी मांसाच्या सारणास एकदोन मिनिटे अधिक द्यावीत. हार गाउ मात्र ठरल्या वेळेपेक्षा जास्त वाफवू नये. कोळंबी आकसून कडक होते आणि पारीत पोकळी राहून ती फाटते. करंडी उतरविल्यावर १ मिनिट थांबून नग उचलावेत. निवताना स्टार्चची जेली किंचित घट्ट होते व पारी तळास चिकटत नाही.

यानंतर मात्र विलंब करू नये. थंड होताना अमायलोजचे रेणू पुन्हा जुळतात व पारी अपारदर्शक आणि टणक होत जाते. शीतकपाटाच्या तापमानास ही क्रिया अधिक जलद होते. पुन्हा वाफ दिल्यास ती अंशतःच उलटते. म्हणून शिजविलेल्या पुरचुंड्या साठवू नयेत. साठवावयाच्याच असल्यास कच्च्या स्थितीत, परस्परांना न चिकटतील अशा रीतीने गोठवाव्यात व न वितळविता थेट २ ते ३ मिनिटे अधिक वाफवाव्यात.

दोष व त्यांची कारणे : पारी दाबताना कडा तडकल्यास पाणी उकळते नव्हते अथवा पीठ उघडे राहून सुकले, असे समजावे. शिजल्यावर पारी लिबलिबीत झाली, तर पाणी जास्त झाले किंवा वाफ मंद होती. पारीवर पांढरे ठिपके दिसल्यास कच्चा स्टार्च नीट मळला गेला नाही. पुरचुंडीत पाणी साचल्यास कोळंबी वा कोंब कोरडे केले नव्हते. सारण भुसभुशीत झाल्यास मिठासह ढवळणे अपुरे पडले किंवा त्या वेळी सारण गरम होते. सिउ मायची पारी वरच्या कडेस कोरडी व टणक राहिल्यास ती जाड लाटली गेली किंवा तिच्यावर स्टार्चची भुकटी जास्त राहिली; वाफविण्यापूर्वी कडांवर पाण्याचा हलका शिडकावा केल्यास हा दोष टळतो.

आरोग्यविषयक दक्षता : डुकराच्या मांसातून पट्टकृमी व ट्रिकिनेला यांसारखे परजीवी माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. चिरलेल्या वा खिम्याच्या मांसाचे अंतर्भागी तापमान ७१° से. झाले पाहिजे, असा निकष आहे. शिजलेल्या सारणात गुलाबी रंग वा पातळ रस दिसू नये. कच्चे सारण सामान्य तापमानात ठेवू नये व त्यासाठी वापरलेला पाट व सुरी स्वतंत्र धुवावी. कवचधारी जलचरांची अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) काही व्यक्तींमध्ये तीव्र असते. गव्हाच्या स्टार्चमध्ये ग्लुटेनाचा अल्प अंश राहतो, म्हणून ग्लुटेन वर्ज्य असलेल्या सीलिअ‍ॅक रुग्णांनी हार गाउ निर्धोक समजू नये.

चहा व शिष्टाचार : डिम समबरोबर पू-अर, लोखंडी देवीच्या नावाने ओळखला जाणारा ऊलाँग, जाईचा किंवा शेवंतीमिश्रित चहा दुधासाखरेशिवाय घेतात. यजमानाने प्रथम इतरांचे पेले भरावयाचे असतात. पेला भरणाऱ्यास बोटांनी मेजावर हलके ठोके देऊन धन्यवाद देतात, वेषांतर करून फिरणाऱ्या च्येनलुंग बादशहास (कार. १७३५–९६) त्याच्या सेवकांनी अशा खुणेने वंदन केले, अशी आख्यायिका या चालीमागे आहे. चहाची किटली संपल्यास तिचे झाकण उघडे ठेवणे ही पुन्हा पाणी मागण्याची खूण होय.

भारतातील प्रसार : भारतात चिनी वस्तीचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ झाला. त्या शहरात कँटनी लोक मुख्यतः सुतारकामात व हक्का लोक चर्मोद्योगात होते. तेथील तिरेट्टा बाजार भागात सकाळच्या वेळी रस्त्यावर विकले जाणारे सिउ माय व बाउ अनेक दशके प्रसिद्ध आहेत. मुंबईत माझगाव भागात कँटनी खलाशी व त्यांची कुटुंबे राहत. त्यांनी १९१९ मध्ये बांधलेले सी यूप कून हे मंदिर तेथे आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर सु. ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतर अनेकांनी कॅनडा व इतर देशांत स्थलांतर केले. त्यामुळे दोन्ही शहरांतील वस्ती रोडावली आणि ज्या घरांतून ही पाककला पिढ्यानुपिढ्या चालत आली होती, ती घरेही कमी झाली. भारतात पुढे लोकप्रिय झालेले मसालेदार ‘चायनीज’ खाणे ही येथील रुचीनुसार घडलेली स्वतंत्र शाखा असून तिचा डिम समच्या तंत्राशी थोडाच संबंध आहे. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत डिम सम अलीकडच्या काळात पुन्हा मिळू लागले आहे.

सद्यःस्थिती : डिम समच्या कारागिराचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो व सुऱ्याने पारी दाबण्याचे कौशल्य येण्यास वर्षे लागतात. जागेची वाढती भाडी आणि नव्या कारागिरांची वाण यांमुळे हाँगकाँगसह अनेक ठिकाणची उपाहारगृहे कारखान्यात भरलेल्या, गोठविलेल्या पुरचुंड्या विकत घेऊन केवळ वाफवून देतात. ढकलगाड्यांची प्रथाही ओसरत चालली आहे. गोठविलेला पदार्थ टिकाऊ व एकसारखा असतो. परंतु ताज्या पारीची पारदर्शकता व मऊपणा स्टार्चच्या स्वभावामुळेच त्यात पूर्णपणे राहू शकत नाही. पारी दाबल्यापासून ती पानात येईपर्यंतचा काळ जितका थोडा, तितका हा पदार्थ उत्तम होतो, आणि चूल व पान यांतील अंतर घरातच सर्वांत कमी असते. चुण्या कमी पडल्या व आकार ओबडधोबड झाला, तरी या एका बाबतीत घरगुती डिम सम कारखान्यातील मालापेक्षा सरस ठरते.